बदलत्या सुराचा चोरटा छंद

संगीताच्या शौकांत जशी शिस्त असते तशी थोडी चोरीहि असते. चार जाणत्यांच्या बैठकींत ज्या गायकाचें नांव घेतल्यानें आपली रसिकता उजळून निघते, त्याचेंच गाणें आपण एकांतांत ऐकतों असें नाहीं. पाहुण्यांदेखत लावावयाची तबकडी निराळी आणि मंडळी उठून गेल्यावर दार लोटून लावावयाची तबकडी निराळी, हा अनुभव पुष्कळांचा असेल. अशाच एका चोरट्या छंदाचा इतिहास मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

हा छंद परदेशी संगीताचा आहे. अमेरिकेंत ब्लूग्रास नांवाचा एक संगीतप्रकार आहे. त्यांत लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज या दोघांचा ताफा १९४८ पासून १९६९ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें, गाजत होता. या ताफ्याच्या पहिल्या दहाबारा वर्षांतील ध्वनिमुद्रिका थोर आहेत याविषयीं त्या संगीताच्या जाणकारांत दुमत नाहीं. शेवटच्या तीनचार वर्षांतील ध्वनिमुद्रिकांचें नांव काढलें कीं मात्र बहुतेक जाणकार नाक मुरडतात. मला त्या आवडतात. आवडतात एवढेंच नव्हे, तर कित्येकदां पहिल्या सोडून मी त्याच लावतों. या प्रेमांत कांहीं अपराध आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोणता, हा आजचा प्रश्न आहे. आवडीनिवडीच्या वादानें असले प्रश्न सुटत नाहींत. त्यासाठीं त्या सुराची जन्मकथाच तपासून पाहिली पाहिजे.

प्रथम हा प्रकार कोणता तें सांगतों. अमेरिकेच्या पूर्व भागांत आपालाचियन पर्वतांची लांब रांग आहे. तिच्या आसपासच्या केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील खेड्यापाड्यांत जें गाणेंबजावणें चालत असे, त्यांतून ब्लूग्रास निघालें. केंटकीला तेथील निळसर गवतावरून 'ब्लूग्रास राज्य' म्हणतात. त्या राज्यांतील रोझीन गांवीं १९११ सालीं जन्मलेल्या बिल मनरो यांनीं आपल्या ताफ्याला 'ब्लू ग्रास बॉइज' असें नांव दिलें, आणि १९५० नंतरच्या दशकांत त्या एका ताफ्याचें नांव साऱ्या प्रकाराला चिकटलें. फिडल, मँडोलिन, गिटार, बँजो आणि उभा ठेवून वाजवावयाचा भला थोरला बास, एवढा या प्रकाराचा सरंजाम. फिडल म्हणजे आपल्या परिचयाचें व्हायोलिनच. खेडवळ नाचाच्या वळणानें वाजविलें म्हणजे त्याला फिडल म्हणावयाचें. या पांच वाद्यांना वीज लागत नाहीं, आणि ड्रम तर सोवळ्या मंडळींस निषिद्धच. ठेका धरण्याचें काम बासचा खोल स्वर आणि मँडोलिनचा तुटक आघात यांनीं मिळून करावयाचें.

आतां या सोवळ्या सरंजामाची कुळकथा पाहा. फिडल स्कॉटलंड आणि आयर्लंडकडून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर आलें, मँडोलिन इटलीचें, गिटार स्पेनची, आणि बँजोचा पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या दुर्दैवी लोकांच्या स्मरणांतून या भूमींत उतरला. खुद्द मनरो दोन गुरूंचें ऋण मानीत. एक त्यांचे मामा पेन व्हँडिव्हर, हे फिडल वाजवीत. दुसरे आर्नोल्ड शुल्ट्झ, हे कृष्णवर्णीय वादक. त्यांच्या हातांतील 'ब्लूज'ची आर्तता मनरोंनीं उचलली. जें संगीत आज निर्भेळ गोऱ्या डोंगराळ लोकांचें म्हणून मिरविलें जातें, त्याच्या मुळाशींच असा चार खंडांचा नाहीं तरी तीन खंडांचा संगम आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, हें संगीत पुरातन नव्हे. तें रेडिओच्या युगांत, बव्हंशीं रेडिओच्या व्यासपीठावरच आकारास आलें. नॅशव्हिल शहरांत एका विमा कंपनीनें चालविलेलें डब्ल्यू. एस. एम. नांवाचें रेडिओ केंद्र होतें. त्यावरून दर शनिवारीं रात्रीं 'ग्रँड ओल ऑप्री' हा ग्रामीण संगीताचा कार्यक्रम होई. १९३९ च्या ऑक्टोबरांत मनरो या कार्यक्रमांत दाखल झाले. त्या काळीं साऱ्या ताफ्याला मिळून ध्वनिग्राहक बहुधा एकच असे. ज्याची पाळी त्यानें पुढें सरावयाचें, आपला तुकडा वाजवावयाचा आणि दुसऱ्याला वाट करून देऊन मागें हटावयाचें. गाण्याच्या वेळीं तिघांचौघांनीं त्याच यंत्राभोंवतीं डोकीं एकत्र आणावयाचीं. या सोयीतून ब्लूग्रासची ती प्रसिद्ध बांधणी पक्की झाली. आज आपण ज्याला परंपरा म्हणतों तिचा कांहीं भाग असा एका यंत्राच्या अडचणींतून जन्मास आला आहे.

तिसरी गोष्ट तर सोवळ्या मंडळींस फारच अवघड जाणारी आहे. फेब्रुवारी १९४५ मध्यें मनरोंच्या ताफ्यानें कोलंबिया कंपनीसाठीं जीं गाणीं मुद्रित केलीं, त्यांत अॅकॉर्डियन आहे! सॅली अॅन फॉरेस्टर या बाई तें वाजवीत. भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या पट्ट्या थरारवून सूर काढणारें हें वाद्य आपल्या हार्मोनियमचें सख्खें भावंड. त्या भावंडाला आपल्याकडे काय भोगावें लागलें तें आपणांस ठाऊकच आहे. मराठी रंगभूमीवर जिनें राज्य केलें, गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनीं जिला बोलतें केलें, ती पेटी परकी आणि आपल्या सुरांना अपुरी ठरवून १९४० सालीं आकाशवाणीनें हद्दपार केली. ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत अॅकॉर्डियनवर असा कोणाचा हुकूम निघाला नाहीं. बाई १९४६ सालीं ताफ्यांतून गेल्या, त्यांच्याबरोबर वाद्यहि गेलें, आणि पुढील पिढीनें जेव्हां ब्लूग्रासचे नियम लिहिले तेव्हां तें तेथें कधीं होतें याचीच फारशी कोणास आठवण उरली नाहीं.

ज्या नव्या माणसामुळें या ताफ्याचा सूर पालटला ते अर्ल स्क्रग्ज. यांचा जन्म १९२४ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील फ्लिंट हिल येथें शेतकऱ्याच्या घरीं झाला. युद्धकाळांत ते सुताच्या गिरणींत कामास होते. बँजोवर तीन बोटांनीं वाजविण्याची रीत त्यांच्या मुलखांत आधींपासून थोडीबहुत होती. स्नफी जेंकिन्स यांच्यासारखे वादक ती वापरीत. परंतु तिला सफाई, वेग आणि गाण्याचा आशय दिला तो स्क्रग्ज यांनीं. ते सांगत कीं, दहा वर्षांचे असतांना एके दिवशीं भावाशीं भांडण होऊन ते खोलींत एकटेच बँजो घेऊन बसले होते. मन भलतीकडेच होतें. आणि एकाएकीं आपलीं तीन बोटें आपोआप चालत आहेत असें त्यांच्या ध्यानांत आलें. लय पक्की करण्याची या भावांची युक्तीहि मोठी गमतीची होती. दोघे पाठीला पाठ लावून एकच गत सुरू करीत, घराभोंवतीं विरुद्ध दिशांनीं वाजवीत चालत, आणि पलीकडे भेट होतांच लय जुळते कीं नाहीं तें ताडून पाहात.

या वादनाचें मर्म लयींत आहे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तिन्ही बोटांत नख्या घालून तारा छेडावयाच्या. आठ आघातांच्या आवर्तनाचे पुष्कळदां तीन, तीन, दोन असे गट पडतात. म्हणून खालचा ठेका सरळ दोनचा चालत असतां वरचे स्वर त्यावर तिरकस पडत जातात. आपल्याकडील लयकारीची ज्यांना गोडी आहे त्यांना या आडव्या चालीचें कौतुक वेगळें सांगावयास नको. शिवाय बँजोची पांचवी तार आखूड असते आणि ती अंगठ्याखालीं सतत एकाच उंच स्वरांत वाजत राहाते. त्यामुळें गत कितीहि धांवली तरी एक स्वर स्थिर असतो. १९४५ च्या डिसेंबरांत स्क्रग्ज मनरोंच्या ताफ्यांत आले. तोंवर बँजो हें बहुतांशीं विदूषकाचें वाद्य समजलें जाई. त्यांच्या आधीं त्या ताफ्यांत बँजो वाजविणारे स्ट्रिंगबीन हे विनोदी नट म्हणूनच लोकांना प्रिय होते. स्क्रग्ज यांच्या हातीं त्याच वाद्यानें फिडलच्या बरोबरीचें आसन मिळविलें.

टेनेसीचे लेस्टर फ्लॅट या ताफ्यांत थोडे आधीं आले होते. यांचा जन्म १९१४ चा. तेहि गिरणींत राबलेले. त्यांचा आवाज उबदार आणि सैल. मनरोंची उंच, धारदार पट्टी त्यांच्यापाशीं नव्हती. गिटारीवर ते फारशी करामत करीत नसत. परंतु ओळ संपतां संपतां खालच्या तारांवरून वर चढणारी एक लहानशी स्वरपंक्ति ते अशी टाकीत कीं गाणें जणूं समेवर येऊन बसे. १९४६ आणि १९४७ सालीं मनरो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स या पांच जणांनीं जीं गाणीं मुद्रित केलीं, तींच ब्लूग्रासचीं आदिवचनें मानलीं जातात. परंपरेचें हें मूळपीठ म्हणजे दोन वर्षांपूर्वींच्या अॅकॉर्डियनवाल्या ताफ्यांत झालेला एक मोठा बदल होता, हें येथें ध्यानांत ठेवावें.

१९४८ च्या आरंभीं फ्लॅट आणि स्क्रग्ज मनरोंना सोडून गेले आणि त्यांनीं 'फॉगी माउंटन बॉइज' हा आपला ताफा उभारला. मनरोंना तें फार लागलें. त्यांनीं फ्लॅट यांच्याशीं बोलणें टाकलें तें वीस वर्षांवर. या नव्या ताफ्यानें ११ डिसेंबर १९४९ रोजीं सिनसिनाटी येथें 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही शब्दावांचूनची गत मुद्रित केली. ती अडीच तीन मिनिटांची गत ऐकल्यावर बँजो शिकण्याची ओढ लागली नाहीं असा तरुण विरळा. स्क्रग्ज एवढ्यावर थांबले नाहींत. वाजवितां वाजवितांच खुंटी पिळून तार उतरावयाची आणि पुन्हां नेमक्या स्वराला चढवावयाची, हा खेळ त्यांनीं आरंभिला. आणि स्वर हटकून जागेवर यावा म्हणून बँजोच्या डोक्याला ठराविक अंतरच फिरणारे जादा खुंटे बसवून घेतले. वाद्याच्या घडणींतच फेरफार करणारा हा माणूस परंपरेचा पुजारी होता कीं सुधारक?

मनरोंहून आपला सूर निराळा उमटावा अशी या ताफ्याची इच्छा उघड दिसते. मनरोंचें वाद्य मँडोलिन. यांच्याकडे मँडोलिन हळूहळू मागें सरलें. १९५५ सालीं जॉश ग्रेव्ज ताफ्यांत आले आणि त्यांच्याबरोबर डोब्रो आला. हें गिटारीचेंच भावंड. पोटांत धातूची पातळ वाटी बसविलेली असते. वाद्य आडवें धरून तारांवरून पोलादी कांडी फिरवावयाची, म्हणजे सूर घसरत, आर्जव करीत एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो. स्लोव्हाक मुलखांतून अमेरिकेंत आलेल्या दोप्येरा बंधूंनीं १९२८ च्या सुमारास तें घडविलें, आणि कांडी फिरविण्याची रीत हवाई बेटांवरची. ग्रेव्ज यांनीं उजव्या हाताला मात्र स्क्रग्ज यांचीच तीन बोटांची चाल शिकविली. आपल्याकडे मिंडीला जें स्थान आहे तें जाणणाऱ्या कानाला हा डोब्रो परका वाटत नाहीं. असा हा पांचांत सहावा शिरला. आज ब्लूग्रासच्या कट्टर मैफलींत डोब्रो दिसला तर कोणी भिवई उंचावीत नाहीं. त्याच १९५५ सालीं हा ताफा ऑप्रीमध्यें घेण्यास मनरोंनीं विरोध केला होता; तो चालला नाहीं.

या ताफ्याचा संसार चालविणारें माणूस पडद्याआड होतें, त्याचें नांव न घेतां पुढें जाणें अन्यायाचें होईल. स्क्रग्ज यांच्या पत्नी लुईझ या हिशेबनिसाचें शिक्षण घेतलेल्या. १९५५ च्या सुमारास त्यांनीं ताफ्याच्या कार्यक्रमांची सारी व्यवस्था हातीं घेतली. त्या धंद्यांत तेव्हां बायका जवळजवळ नव्हत्याच. १९५३ पासून मार्था व्हाइट या पिठाच्या व्यापारी छापाच्या आश्रयानें ताफा पहांटे पावणेसहाला रेडिओवर गात असे आणि शेतकऱ्यांच्या न्याहारीचा सोबती झाला होता. लुईझबाईंनीं ओळखलें कीं, शहरांतील शिकलेल्या तरुणांत लोकसंगीताची नवी आवड निपजत आहे. १९५९ च्या पहिल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवांत स्क्रग्ज यांनीं बँजो वाजविला. ताफ्याला कॉलेजांचीं आमंत्रणें येऊं लागलीं. आणि ८ डिसेंबर १९६२ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें, जेथें युरोपांतील थोर वादकांनीं हजेरी लाविली, तेथें हे गिरणीमजूर उभे राहिले. त्या सभागृहांतील श्रोत्यांनीं ओरडून फर्माईश कोणती केली, तर पिठाच्या जाहिरातीच्या गाण्याची! शुद्ध कला आणि बाजार यांच्या मधली रेघ कोठें ओढावयाची, असा प्रश्न या प्रसंगानें पडतो.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत दूरचित्रवाणीवर 'द बेव्हर्ली हिलबिलीज' नांवाची विनोदी मालिका सुरू झाली. तिच्या शीर्षकगीतासाठीं या ताफ्याला विचारलें तेव्हां लुईझबाईंनीं प्रथम नकार दिला. हिलबिली म्हणजे अडाणी डोंगरी माणूस. आपल्याच लोकांची टवाळी होईल अशी त्यांना शंका आली. मालिकेचा नमुना पाहिल्यावर त्यांचें समाधान झालें. फ्लॅट यांच्या आवाजांतील त्या गीताची तबकडी जानेवारी १९६३ मध्यें ग्रामीण संगीताच्या खपाच्या यादींत पहिल्या स्थानीं चढली. मग १९६७ सालीं 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटांत मोटारींच्या पाठलागाला 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' जोडली गेली. चित्रपटांतील ते दरोडेखोर १९३४ सालीं मारले गेले. गत १९४९ ची. ज्या काळांत तसलें वादन अस्तित्वांतच नव्हतें त्या काळाचा अस्सल सूर म्हणून साऱ्या जगानें ती मानली, आणि कोणाच्या कानाला खटकलें नाहीं. इतिहास शिकविणाऱ्याला हें उदाहरण फार मोलाचें आहे. जुनें तें सोनें असें आपण म्हणतों. पण जें सोन्यासारखें वाटतें त्यालाहि आपण 'जुनें' म्हणून टाकतों.

आतां त्या वादग्रस्त ध्वनिमुद्रिकांकडे वळूं. १९६० नंतर ताफ्याच्या ध्वनिमुद्रणांत ड्रमचा हलका हात ऐकूं येऊं लागला होता. १९६७ पासून कोलंबिया कंपनीनें त्यांचीं ध्वनिमुद्रणें बॉब जॉन्स्टन यांच्याकडे सोंपविलीं. बॉब डिलन या तरुण कवि-गायकाच्या ध्वनिमुद्रिकांचे निर्माते हेच. साहजिकच फ्लॅट-स्क्रग्ज यांच्या ताटांत डिलनचीं गाणीं पडूं लागलीं. 'चेंजिंग टाइम्स' आणि 'नॅशव्हिल एअरप्लेन' हे १९६८ चे दोन संग्रह या वळणाचे. दुसऱ्याचें नांवहि त्या काळच्या एका प्रसिद्ध रॉक ताफ्याच्या नांवावरून बेतलेलें. त्यांत ड्रम आहे, जादा गिटारी आहेत, चार्ली मॅकॉय यांचा माउथ ऑर्गन आहे, आणि स्क्रग्ज यांचा बँजो पुष्कळदां मागें राहून साथ करतो. जुन्या रसिकांस वाटलें कीं, देवघरांतली समई काढून तेथें रोषणाई केली.

त्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. जुन्या तबकड्यांत पांचसहा माणसें एकमेकांचा श्वास ऐकून वाजवितात. नव्यांत ड्रमनें लयीचा मक्ता घेतल्यावर बास आणि मँडोलिन यांनीं मिळून जो ताल निर्माण करावयाचा, त्याची गरजच संपते. तीन-तीन-दोनची तिरकस चाल उठून दिसते ती मोकळ्या जागेंत; भोंवतीं गर्दी झाली म्हणजे तिची धार बोथट होते. ही हानि खरी आहे. मग मला त्यांत आवडतें काय? मला स्क्रग्ज यांची जिज्ञासा आवडते. ज्या गाण्यांची रचना बँजोसाठीं झालेलीच नाहीं, त्यांत आपलीं तीन बोटें कोठें बसतात हें तें शोधीत आहेत. कधीं त्यांना जागा सांपडते, कधीं सांपडत नाहीं, आणि तो शोध आपणांस ऐकूं येतो. पहिल्या तबकड्यांत सिद्ध झालेला कलावंत भेटतो. शेवटच्यांत चाळिशी ओलांडलेला, कीर्ति मिळविलेला माणूस पुन्हां शिकाऊ झालेला भेटतो. उतारवयांत शिकण्याची हौस शिल्लक असलेल्या कोणासहि हें दर्शन सुखाचें वाटेल.

परंपरा मोडल्याचा आरोप मला त्यामुळें फारसा टोंचत नाहीं. ती परंपरा १९४५ सालची एक नवी चाल होती, हें आपण पाहिलें. खुद्द मनरो, जे पुढें तिचे कडवे राखणदार ठरले, त्यांचेंच उदाहरण घ्या. 'ब्लू मून ऑफ केंटकी' हें त्यांचें संथ, तीन मात्रांच्या वॉल्ट्झमधील गाणें. एल्विस प्रेस्ली यांनीं १९५४ सालीं तें चार मात्रांत धांवतें करून गाइलें. मनरोंनीं काय केलें? त्याच वर्षीं त्यांनीं तें गाणें पुन्हां मुद्रित केलें. अर्धें जुन्या संथ लयींत, आणि अर्धें नव्या धांवत्या लयींत. राखणदारानेंहि कुंपणाला एक फाटक ठेवलें होतें.

परंतु श्रोतेहो, दुसरा एक आरोप आहे, आणि तो मला झटकून टाकतां येत नाहीं. हा ताफा दोघांचा होता. स्क्रग्ज यांना नवी वाट मोहवीत होती. त्यांचे तरुण मुलगे घरांत नवें संगीत आणीत होते आणि बापाला तें गोड वाटत होतें. फ्लॅट यांना मात्र तीं गाणीं मानवत नव्हतीं. डिलनचे शब्द त्यांच्या तोंडीं बसत नव्हते, आणि ही नाराजी त्यांनीं पुढें लपवूनहि ठेविली नाहीं. ज्या माणसानें आयुष्यभर घर, आई, आगगाडी, देव आणि दुरावलेलें प्रेम यांचीं गाणीं साध्या प्रत्ययानें गाइलीं, त्याच्यापुढें शहरी तरुणांच्या कोड्यांचे कागद ठेवले गेले. मन लावून ऐकलें तर तें ऐकूं येतें. आवाज तोच, उबहि तीच. पण ओळीच्या शेवटीं शब्दावर टेकून बसण्याची जी त्यांची लकब, ती तेथें नाहीं. शब्द उच्चारून ते पुढें निघून जातात. म्हणजे ज्या तबकडींत एकाची जिज्ञासा मला सुखविते, त्याच तबकडींत दुसऱ्याची नाखुशी मुद्रित झाली आहे. आणि दोहोंचा आस्वाद मी एकाच वेळीं घेत असतों.

फेब्रुवारी १९६९ मध्यें ताफा फुटला. फ्लॅट यांनीं 'नॅशव्हिल ग्रास' हा नवा ताफा काढून जुन्याच वळणानें गाणें सुरू ठेविलें. १९७२ सालीं मार्टी स्टुअर्ट नांवाचा तेरा वर्षांचा मुलगा त्यांत वाजवूं लागला आणि पुढें मोठा कलावंत झाला. स्क्रग्ज यांनीं मुलांना घेऊन विजेच्या वाद्यांचा 'अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू' उभारला. १५ नोव्हेंबर १९६९ रोजीं वॉशिंग्टन येथें व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रचंड सभा झाली. त्या सभेंत ते बँजो घेऊन उभे राहिले. त्यांच्या क्षेत्रांतील फारच थोड्यांनीं असें धाडस केलें. दोघेहि सुखी झाले असें म्हणतां येईल. कारण आतां कोणासहि दुसऱ्याच्या वाटेनें ओढत न्यावें लागत नव्हतें. १९७१ सालीं बीन ब्लॉसम येथील महोत्सवांत मनरो आणि फ्लॅट यांनीं जुनें वैर सोडून हात मिळविला. फ्लॅट आणि स्क्रग्ज यांची मनें जुळण्यास मात्र अखेरचें आजारपण यावें लागलें. फ्लॅट रुग्णालयांत असतां स्क्रग्ज त्यांना भेटावयास गेले. ११ मे १९७९ रोजीं फ्लॅट वारले. ग्रामीण संगीताच्या सन्मानमंदिरांत १९८५ सालीं दोघांचीं नांवें एकत्र कोरलीं गेलीं. मनरो १९९६ सालीं गेले, आणि स्क्रग्ज २०१२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं.

या इतिहासावरून मला एवढेंच म्हणावयाचें आहे. बदललेला सूर आवडला म्हणून रसिकानें दार लोटून घेण्याचें कारण नाहीं. कोणत्याहि संगीताचें 'मूळ रूप' म्हणून जें दाखविलें जातें, तें बहुधा कोणा एका पिढीला आपल्या तरुणपणीं ऐकूं आलेलें रूप असतें. त्याच्या आधींच्या पिढीला तेंच नवखें आणि बाटलेलें वाटलें असेल. तेव्हां सूर बदलला कीं नाहीं, हें विचारण्यांत फारसें हशील नाहीं. विचारावयाचें तें हें कीं, बदल वाजविणाऱ्याच्या बोटांना हवा होता काय? डोब्रो साऱ्या ताफ्याला हवा होता, म्हणून तो टिकला आणि परंपरा झाला. डिलनचीं गाणीं एकाला हवीं होतीं आणि एकाला नको होतीं, म्हणून त्यांनीं ताफ्याचे दोन तुकडे केले. रसिकाचा अपराध असेल तर तो नियम मोडणारें संगीत ऐकण्याचा नव्हे. गाणाऱ्याचा जीव त्यांत नाहीं हें न ओळखतां ऐकण्याचा आहे.

त्या शेवटच्या तबकड्या मी पुढेंहि ऐकणार आहें, आणि त्याहि पाहुण्यांदेखत. मात्र स्क्रग्ज यांच्या बँजोमागें कान धांवूं लागला म्हणजे त्याला क्षणभर थोपवून फ्लॅट यांच्या आवाजाकडे वळवावयाचें, एवढें पथ्य पाळावयाचें आहे. त्या जोडींतील एकानें आपल्या सुखासाठीं किती मोडतें घेतलें, त्याची दखल घेणें हें ऐकणाऱ्याचेंहि देणें आहे.